डोंगराला वणवा लागलाय आणि आपण आखाड्यावर आहोत: आधी, त्या वेळी आणि नंतर काय करायचं

मराठवाड्यात वणवा म्हटलं की किनवट-माहूरचं सागवान, नाहीतर गौताळ्याचं जंगल डोळ्यांपुढे येतं. पण आपल्याकडे शेतवस्तीला खरी भीती असते ती गवताच्या आगीची. बालाघाटचे उतार, अजिंठ्याच्या रांगेचा पायथा, गावोगावची गायरानं आणि पडीक माळ पावसाळ्यात कुसळी, पवन्या, मारवेलीनं भरून जातात. दिवाळीनंतर हे गवत पिवळं पडतं आणि फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत एका काडीची वाट बघत उभं राहतं. कुणी धुरा, म्हणजे बांधावरचं गवत, पेटवतो, कुणी आग्या मोहोळ झाडायला टेंभा नेतो, कुणी मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतो, कुठे वाऱ्यानं विजेच्या तारा एकमेकींना घासतात. मग संध्याकाळपर्यंत आग डोंगर उतरून आपल्या बांधाला येते.

हा लेख गावाबाहेर आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्यांसाठी आहे. अग्निशमनची गाडी तालुक्याहून निघणार आणि शेवटचा रस्ता पाणंदीचा, त्यामुळे पहिला तास आपला आपल्यालाच काढायचा असतो. शिवाय ज्या महिन्यांत वणवा येतो, नेमकं त्याच महिन्यांत आपल्याकडे पाणी नसतं. एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो, बोअर अर्धा तास चालून थांबतो आणि शेतीच्या लाईटची पाळी कधी दिवसा तर कधी मध्यरात्री असते. म्हणून माझं ठाम मत आहे की आखाडा वाचवायचा तो वखरलेल्या उघड्या मातीच्या जोरावर. पाणी मिळालं तर वरकड समजायचं, त्याच्यावर सगळी भिस्त ठेवायची नाही.

आग कशी चालते

गवताची आग वेगानं येते आणि वेगानं पुढे जाते. एका जागी तिची मुख्य ज्वाळा फार तर मिनिट-दोन मिनिटं असते, कारण जळायला तिथे तेवढंच असतं. झाडाझुडपांत आणि पालापाचोळ्यात ती रेंगाळते. उतारावर ती वर चढताना भयानक पळते, कारण ज्वाळा वरच्या गवताकडे झुकते आणि पोचण्याआधीच त्याला वाळवून ठेवते. उतार 10 अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो असं धरतात. म्हणून डोंगराच्या खांद्यावर, वरच्या अंगाला ज्यांची वस्ती आहे त्यांना पायथ्यापेक्षा जास्त धोका आहे.

दुपारी 12 ते 5 हा सर्वांत वाईट वेळ. हवा कोरडी, वारा मोकाट आणि मध्येच उठणारी वावटळ जळतं गवत उचलून दुसऱ्याच रानात टाकते. रात्री आग मंदावते, पण डोंगरावर रात्री वारा वरून खाली वाहतो हे विसरू नका. संध्याकाळी माथ्यावर लांब दिसलेली आग पहाटे हळूहळू खाली सरकलेली असते. आणि घर किंवा गंजी पेटते ती बहुतेक वेळा उडून आलेल्या ठिणगीनं. आग अजून बांधापलीकडे असताना गंजीतून धूर निघायला लागतो तो यामुळेच.

पौष-माघात उरकायची कामं

तूर निघाली, रब्बीची ज्वारी अजून उभी आहे, अशा वेळी दोन सकाळी या कामाला द्या. डोंगराच्या किंवा गायरानाच्या बाजूनं बांधालगत वखराच्या दोन-तीन पाळ्या घालून निदान 15 फूट रुंदीचा पट्टा पार मातीवर आणा. उतार आपल्या दिशेनं चढत असेल, म्हणजे आग खालून वर आपल्याकडे येऊ शकत असेल, तर पट्टा 30 फुटांचा करा. वनखाते जंगलात जाळरेषा काढते, तिचंच हे शेतातलं रूप. फरक एवढाच की आपण जाळायचं नाही, वखरायचं. पट्टा जाळून करायच्या नादात सुटलेल्या आगी कमी नाहीत.

काम सकाळीच करा. दगडगोट्याच्या माळावर वखराची पास किंवा रोटाव्हेटरचं पातं दगडावर आपटलं की ठिणगी पडते, आणि ट्रॅक्टरच्या तापलेल्या सायलेन्सरला वाळलं गवत पुरतं. ट्रॅक्टरवर पाण्याचा कॅन आणि फावडं असू द्या. हा पट्टा मार्चमध्ये एकदा फिरून बघायचा असतो. वाऱ्यानं आणलेली सोयाबीनची गुळी, कापसाच्या वाती, पाला त्यावर साचला की तो पट्टा कामाचा राहत नाही.

घराभोवती 30 फूट अंगण अगदी साफ हवं. पऱ्हाट्या, तुराट्या, गवऱ्यांचा उडवा, ठिबकच्या गुंडाळलेल्या नळ्या, जुनी बारदानं, डिझेलचा कॅन हे सगळं आपण भिंतीला लावून ठेवतो, कारण ते हाताशी लागतं. उन्हाळ्यापुरतं तरी तिथून हलवा. पुढच्या 100 फुटांत गवत घोट्याएवढं कापून घ्या. झाडं तोडायची गरज नाही. लिंबाच्या, बाभळीच्या खालच्या फांद्या डोक्याच्या उंचीपर्यंत छाटल्या आणि बुडातला पाला झाडला तर जमिनीवरची आग शेंड्याला चढत नाही. हिरवागार लिंब उलट उडत्या ठिणग्या अडवतो.

गंजी

आखाड्यावर आगीत सर्वांत आधी जाणारी वस्तू म्हणजे कडब्याची गंजी, आणि दुष्काळी वर्षात तीच सगळ्यांत महागाची. वर्षभराचा कडबा, गुळी, भुसकट एकाच ठिकाणी रचू नका. दोन किंवा तीन गंज्या करा, एकमेकींपासून निदान 60 फूट लांब. घर आणि गोठा यांच्या मधे तर कधीच नको. आपल्याकडे उन्हाळ्यातला वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणून गंजी घराच्या पूर्वेला असलेली बरी. ती पेटली तरी ठिणग्या घरावर येत नाहीत. वरून विजेची तार जात असेल त्या जागी गंजी रचूच नका. तार झुकलेली असेल तर वीज कंपनीच्या 1912 वर तक्रार नोंदवून तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा, पुढे नुकसान झालंच तर तो उपयोगी पडतो.

गंजीभोवती 15 फूट वखरलेली जागा आणि एका बाजूला मातीचा ढीग असू द्या. ठिणगी पडलेल्या गंजीवर बादलीभर पाणी मारलं तर ते वरच्या पेंढ्यांवरून ओघळून जातं आणि आग आत उतरत राहते. जळती पेंढी दाताळ्यानं ओढून बाहेर काढायची आणि मातीत दाबायची, हाच उपाय.

घर, पाणी, वीज

जुनं माळवदाचं घर या बाबतीत फार गुणी आहे. वर हातभर माती असलेलं छत ठिणगीला दाद देत नाही. सप्पर, कुडाची खोली, पाचटाचं छप्पर यांचं तसं नाही. तिथे एक निखारा पडला तरी काही मिनिटांत सगळं जातं. पत्र्याचं शेड मधलं. पत्रा पेटत नाही, पण पत्र्याखाली भरलेली चिपाडं, आड्यावरच्या चिमण्यांची घरटी आणि शेडनेटचा आडोसा पेटतो. आढ्याच्या फटी मातीनं लिंपून घ्या, पन्हळीतला पाला काढा, खिडक्यांना बारीक जाळी मारा. गॅसची जादा टाकी घरात कोंडून न ठेवता मोकळ्या मातीवर ठेवा.

पाण्यासाठी सोपा हिशेब: 200 लिटरची तीन-चार टिपाडं भरून झाकून ठेवायची, एक गंजीजवळ, एक गोठ्याजवळ, बाकी घराजवळ, आणि प्रत्येकाशेजारी बादली. हे पाणी उन्हाळाभर दुसऱ्या कशाला वापरायचं नाही. घरात पाण्याची ओढ असताना हे अवघड जातं हे मला ठाऊक आहे, तरीही सांगतो. फवारणीचा 16 लिटरचा पाठीवरचा पंप धुऊन, पाण्यानं भरून, बॅटरी चार्ज करून ठेवा. गवताच्या आगीला बादलीपेक्षा फवारा कितीतरी जास्त उपयोगी, कारण थेंब अन् थेंब ज्वाळेच्या बुडाशी पडतो. त्यात औषधाचा अंश राहता कामा नये, गरम होऊन त्याचा विषारी धूर होतो.

सौर पंप असेल तर दुपारच्या आगीत तो मोठा आधार आहे, लाईट नसली तरी चालतो. मात्र ऊन असेपर्यंत पॅनलमध्ये वीज तयार होतच राहते, स्विच बंद केला तरी. जळालेल्या पॅनलला किंवा वायरला हात लावू नका आणि त्यावर पाणी मारू नका.

धूर दिसल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

आधी फोन, मग बाकी सगळं. 112 आणि 101 हे सगळीकडचे क्रमांक. वनजमिनीत आग असेल तर वनखात्याची हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइन 1926. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077. वनरक्षक, पोलीस पाटील, सरपंच आणि शेजारच्या दोन वस्त्यांचे नंबर भिंतीवर रंगानं लिहून ठेवा, कारण धावपळीत मोबाईल कुठे पडतो ते कळत नाही. सांगताना गाव, शिवार, गट नंबर आणि गाडी कोणत्या रस्त्यानं आत येईल हे सांगा. एखादं जाणतं पोर मोटारसायकलवर फाट्यावर उभं करा, म्हणजे गाडी चुकणार नाही.

डेहराडूनच्या फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाकडे मोबाईल नोंदवला तर उपग्रहानं टिपलेल्या आगीचा संदेश फुकट येतो. नोंदणी जरूर करा. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच वरून जातो आणि नुकती लागलेली आग त्याच्या नजरेतून सुटते. गुराख्याचा फोन त्याच्या कितीतरी आधी येतो.

फोन झाला की घरातली सगळी माणसं मोजा. म्हातारी माणसं, लेकरं, गरोदर बाई आणि दम्याचा पेशंट यांना लगेच गावात पाठवा, आग लांब वाटत असली तरी. उरलेल्यांनी सुती कपडे, पूर्ण बाही, पायात बूट किंवा जाड चप्पल घालावी. नायलॉनची साडी, टेरिकॉट, ट्रॅकपँट अंगावर नको. ते वितळून कातडीला चिकटतं. एन-95 मास्क असेल तर तो लावा. रुमालानं राख अडते, बारीक धूर अडत नाही. मेन स्विच बंद करा. दारं-खिडक्या लावा, कुलूप घालू नका.

कागदांच्या पिशवीत आधार, बँक पासबुक, विम्याच्या पावत्या, औषधं आणि रोख एवढंच घ्या. सातबारा, आठ-अ ऑनलाइन मिळतो. कागदासाठी धुरात परत जाणं योग्य नाही.

थांबायचं की निघायचं

हा निर्णय आग बांधाला यायच्या आधी, शक्यतो उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच घरात बसून घ्या. सप्पर, कुडाची खोली किंवा चारी बाजूंनी गवत असेल तर निघायचं, आणि लवकर निघायचं. दगड-विटांचं किंवा माळवदाचं घर, भोवती मोकळं अंगण, बाहेर वखराचा पट्टा आणि अंगात बळ असलेली दोन-तीन माणसं असतील तर थांबता येतं. आग अंगावर आली की घरात, आगीच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत जायचं. मुख्य ज्वाळा पुढे गेली की बाहेर येऊन छताच्या कडा, खिडक्या, गोठा तपासायचा. अर्धवट थांबून शेवटच्या क्षणी पळणं सगळ्यांत घातक. माणसं बहुधा त्याच पळापळीत दगावतात.

निघताना उताराच्या वर जाऊ नका. आगीला आडवं होऊन नांगरटीत, नदीच्या वाळवंटात, तलावाच्या गाळपेरात किंवा जळून काळ्या पडलेल्या रानात जा. धुरात मोटारसायकल चालवू नका. जीपमध्ये असाल तर काचा वर, लाईट चालू. रात्रीचा आणखी एक धोका आपल्याकडचा: बिनकठड्याच्या विहिरी आणि भेगाळलेलं काळं रान. धुरात विहिरीचं तोंड दिसत नाही आणि भेगेत पाय गेला की घोटा मोडतो. विहिरीभोवती पांढरा चुना मारलेले दगड उन्हाळ्यापूर्वीच लावून ठेवा.

जनावरं

साखळदंडाला बांधलेलं जनावर गडबडीत सुटत नाही, आणि नायलॉनचं दावं वितळून मानेला चिकटतं. उन्हाळ्यात रात्री सुती किंवा अंबाडीच्या दाव्यानं, एका ओढीत सुटणारी सरकफाशाची गाठ मारून बांधा. ही गाठ घरातल्या बायकांना आणि मोठ्या लेकरांना अंधारात, हातानं चाचपून सोडता आली पाहिजे. गोठ्याच्या खुंटीला विळा अडकवून ठेवा.

सोडलेली जनावरं सवयीनं पुन्हा गोठ्याकडे वळतात. म्हणून त्यांना नांगरटीत हाकलल्यावर गोठ्याचं फाटक बंद करा. बैल आधी सोडा की गाभण म्हैस, यावर वाद घालत बसू नका. दाराजवळचं जनावर आधी, म्हणजे मागच्याला वाट मिळते. शेळ्या-करडं एकत्र पळतात, एकीला धरून पुढे चाललं की बाकीच्या येतात. कोंबड्यांचं खुराडं उघडून द्या. हाताशी वेळच नसेल तर दावी कापा आणि मोकळं सोडा. बांधलेलं जनावर वाचत नाही, मोकळं बरेचदा वाचतं.

आग विझवायची असेल तर

गुडघ्याएवढ्या ज्वाळेपर्यंतच हात घाला. त्याहून उंच आगीपुढे माणसानं उभं राहू नये. लिंबाची, पळसाची किंवा निरगुडीची पानांनी भरलेली हिरवी फांदी, नाहीतर भिजवलेलं बारदान घ्या. जळून गेलेल्या काळ्या बाजूला उभे राहा आणि आगीच्या शेपटीकडून, कडेकडेनं तोंडाकडे सरका. फांदी डोक्यावर उचलून आपटली तर ठिणग्या उडून मागचं गवत पेटतं. ज्वाळेवर टेकवायची, दाबायची आणि जळक्या बाजूला ओढायची. एकानं दाबत पुढे जायचं, दुसऱ्यानं मागून माती टाकत, पंप मारत यायचं, तिसऱ्यानं फक्त वारा आणि निघायची वाट बघायची. तिसऱ्याची हाक आली की वाद न घालता बाहेर.

समोरून दुसरी आग लावून वणवा अडवणं हे वनखात्याच्या अनुभवी माणसांचं काम आहे. आपण ते करू नये. वारा फिरला तर दोन आगींच्या मधे सापडतो आपणच. खाली पडलेल्या विजेच्या तारेपासून 30 फूट लांब राहा आणि लाईनमननं वीज बंद केल्याचं सांगेपर्यंत तिथे पाणी मारू नका.

मोकळ्या माळावर सापडलात आणि पळायला जागा नसेल तर गवत कमी असलेली जागा, नाला किंवा दगडांचा आडोसा शोधा. पालथे पडा, पाय आगीकडे, तोंड मातीजवळ, आणि अंगावर घोंगडी ओढा. लोकर चटकन पेट घेत नाही आणि वितळत नाही. डोंगरात मेंढ्या घेऊन जाणाऱ्यांच्या खांद्यावर ती असते, उन्हाळ्यात आपल्याही जीपमध्ये असावी.

भाजलं तर त्या जागेवर 20 मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. बर्फ, तूप, शाई, टूथपेस्ट काही लावायचं नाही. चिकटलेला कपडा ओढायचा नाही. अंगठ्या, पाटल्या, जोडवी सूज यायच्या आत काढा आणि 108 ला फोन करा. आवाज बसला असेल, थुंकीत काजळी दिसत असेल, तर बाहेरून काही भाजलं नसलं तरी दवाखान्यात न्या. श्वासनलिका आतून सुजत असते.

आग पुढे गेल्यावर

पहिले दोन दिवस पहारा ठेवा. बाभळीचे बुंधे, वाळलेलं शेण, लाकडी कुंपणाच्या मेढी आणि गंजीचा गाभा आतून धुमसत राहतो आणि दुसऱ्या दुपारी वारा सुटला की पुन्हा पेटतो. बुंध्याजवळ उपड्या हातानं धग तपासा, माती टाका, कुदळीनं उकरून परत तपासा.

जनावरांचे खूर, कास आणि डोळे बघा. श्वास घरघरतोय का ते ऐका. पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962. राखेनं माखलेला चारा झटकून, जमल्यास धुऊन घाला.

साफसफाईची घाई करू नका, आधी पंचनामा. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांना त्याच दिवशी लेखी कळवा. पोलीस ठाण्यात नोंद करा. फोटो तारीख आणि ठिकाण दिसेल असे काढा. मेलेलं जनावर पुरण्याआधी पशुधन विकास अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन हवं आणि कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर फोटोत दिसला पाहिजे. आग ही आपत्ती निवारण निधीच्या यादीतली आपत्ती आहे. 2022 ते 2026 च्या केंद्रीय निकषांत दुधाळ गाय-म्हशीला 37,500 रुपये, बैलाला 32,000 आणि शेळी-मेंढीला 4,000 रुपये धरले आहेत. ठिणगी तारांची असेल तर विद्युत निरीक्षकाचा पंचनामा वेगळा लागतो, तो मागून घ्या. ऊस जळाला असेल तर त्याच दिवशी कारखान्याच्या गट कार्यालयात कळवा. जळक्या उसातली साखर दिवसागणिक उतरते, तोड जितकी उशिरा तितकं वजन आणि भाव दोन्ही कमी.

आग कुणी लावली हे माहीत असेल तर सांगा. राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या कलम 79 नुसार, वनात चराईसारखे हक्क असणाऱ्यांनी आग विझवायला मदत करणं बंधनकारक आहे.

होरपळलेली मोसंबी, सीताफळ, आंब्याची झाडं लगेच तोडू नका. खोडाला बोर्डो पेस्ट किंवा चुना लावा, जमेल तेवढं पाणी द्या आणि मृगाच्या पावसानंतर कुठून फूट येते ते बघून मगच छाटा. डोंगराच्या जळालेल्या उतारावर तोपर्यंत दगडांच्या ताली घालून ठेवा. पहिला मोठा पाऊस तिथली राख आणि उघडी पडलेली माती एकदम खाली आणतो, आणि खाली बहुधा आपलीच विहीर असते. तिच्या वरच्या अंगाला एक चर खणून ते पाणी बाजूला काढा.